आरोपीलाही सीट द्यावी लागते

२०२४ साल. माझं वय एकोणसत्तर. जामखेडच्या रस्त्यावर मधेच मी जीप उभी केली होती आणि गाडीच्या आतली माणसं आणि बाहेरची माणसं मला एकच गोष्ट सांगत होती.

"तात्या, थांबू नका. चला!" आतून प्रणिता.

"तात्या, थांबू नको. जा तू!" बाहेरून आबा.

या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघितलं. आणि नेमकी तीच गोष्ट मला करायची नव्हती.

मी म्हातारदेव. आमच्या भागात हे नाव असतं, हसू नये. बारशालाच म्हातारा झालो, त्यामुळं पुढं म्हातारपणाचं काही वाटलं नाही. शाळा चौथीपर्यंत, पुढं गुरुजींचं आणि माझं पटलं नाही. गाव ते जामखेड या लाईनवर मी चाळीस वर्षं काळी-पिवळी चालवतो. काळी-पिवळी म्हणजे भाड्याची जीप. आमच्या धंद्यात माणसाला माणूस म्हणत नाहीत, सीट म्हणतात. सगळ्या सीटा भरल्याशिवाय गाडी हलत नाही. अख्खी जीप एकानंच ठरवली तर तिला स्पेशल म्हणतात. स्पेशलमध्ये मधे कुणाला घ्यायचं नसतं. त्या दिवशी माझी गाडी स्पेशल होती. म्हणजे मागं चंद्राक्का आणि तिची शेळी होती, पण ती सोडून स्पेशल.

स्पेशल ठरवली होती गावातल्या पोरांनी. सहा-सात जणं आहेत. कुणी नागापूरला एमआयडीसीत कामाला, कुणी कॉलेजात, कुणी नुसतंच भरतीची तयारी करत पळणारं. सगळ्यात पुढं प्रणिता. वय बावीस, आवाज पन्नाशीचा. या पोरांनी एक काम काढलंय. ज्या पोरापोरींवर काही गुन्हा घडलाय, मारहाण म्हणा, छेडछाड म्हणा, फसवणूक म्हणा, त्यांच्यासोबत राहायचं. पोलीस ठाण्यात सोबत, दवाखान्यात सोबत, कोर्टात सोबत. गटाचं नावच सोबती. मला आधी वाटलं, निवडणूक जवळ आली असेल. निवडणूक झाली, तरी ही पोरं चालूच. तेव्हा म्हटलं, काहीतरी वेगळं आहे.

त्यांचं तेव्हाचं काम म्हणजे करण.

करण सोळा वर्षांचा. आईबाप दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, दिवाळीनंतर गेले की उन्हाळ्यापर्यंत तिकडंच. हा आजीजवळ राहतो. गेल्या थंडीत, आईबाप तिकडं असताना, एका संध्याकाळी आबांच्या विहिरीवरची पाण्याची मोटर दिसेना. त्याच वेळेला करण बांधावरून घरी चालला होता. आबांच्या पोरानं, सुशांतनं, त्याला धरला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बांधला आणि पट्ट्यानं मारला. वरून मोबाईलवर शूटिंग केलं आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं. दोन दिवसांनी मोटर सापडली. जामखेडला रिवायंडिंगला पडली होती. आबांच्याच गड्यानं नेली होती आणि सांगायचं विसरला होता.

मोटर परत आली. व्हिडिओ काही परत आला नाही. सगळ्या गावानं बघितला, मीही बघितला. बघितला नाही म्हणणारा खोटं बोलतो. माझ्या जीपमध्ये सीटा बसल्या की तेच बघायच्या.

करणनं कॉलेज सोडलं. घरातून बाहेर येईना. आलाच तर टोपी नाकापर्यंत ओढलेली आणि नजर चपलेवर. आजी सांगायची, पोरगं भिंतीकडं तोंड करून जेवतं.

मग या पोरांनी काय करावं? त्याच्या ओट्यावर कॅरम मांडला. त्याला हाक नाही, समजावणं नाही, 'काय झालं होतं रे' नाही. नुसता रोज कॅरम. मी जाता-येता बघायचो आणि शिव्या घालायचो, की रिकामटेकड्यांना दुसऱ्याचाच ओटा सापडला. किती दिवस गेले कोण जाणे, एके दिवशी दारातून आवाज आला, "क्वीन अशी घेत न्हाईत." पोरांनी मान वर न करता त्याला जागा करून दिली. पोलिसात तक्रार त्यानंतर झाली, आणि ती करणनं स्वतः सांगितली. पोरं नुसती बाकड्यावर शेजारी बसली होती.

माझा संबंध आला तो कोर्टामुळं. तारखेला न्यायला गाडी पाहिजे. प्रणिता म्हणाली, "तात्या, तुम्हीच या. पण आधी ट्रेनिंगला यावं लागेल."

"कसलं ट्रेनिंग? मी तुझ्या बापाला शाळेत सोडलाय ह्याच लाईनवर."

"गाडीचं नाही. पोरांशी कसं वागायचं त्याचं."

गेलो. झेडपीच्या शाळेत गोल करून बसवलं. चेंडू फेकायचा, ज्याच्याकडं येईल त्यानं नाव आणि आवडतं फळ सांगायचं. माझ्याकडं आला. मी म्हटलं, "म्हातारदेव. सीताफळ. आता गाडी किती वाजता लावू ते सांगा." मग चार्टपेपर लावले. घटनेबद्दल विचारायचं नाही. पोराच्या वतीनं आपण बोलायचं नाही. निर्णय त्याचा, आपला नाही. आणि आरोपी समोर येईल असं काही करायचं नाही. मी मान हलवली. ट्रेनिंगमध्ये मान हलवली की लवकर सोडतात, एवढं मला चौथीतच कळलं होतं.

आता तारीख म्हणजे काय ते सांगतो. तारीख म्हणजे कोर्टानं बोलावलेला दिवस. त्या दिवशी सगळे हजर असले तर काम पुढं सरकतं. एक जण जरी नसला तरी बहुतेक वेळा पुढची तारीख पडते आणि सगळे वडापाव खाऊन घरी येतात. करणची साक्ष व्हायची होती. पहिल्या तारखेला सुशांतला ताप आला. दुसऱ्या तारखेला त्याच्या वकिलाला ताप आला. तिसऱ्या तारखेला सुशांतची आजी वारली. ही वारलेली आजी पुढच्याच आठवड्यात माझ्या जीपनं बांगड्या भरायला बाजारला आली आणि खिडकीची सीट पाहिजे म्हणून भांडली.

दर तारखेला करण रात्रभर जागायचा, सकाळी उलटी करायचा, तयार होऊन गाडीत बसायचा आणि संध्याकाळी तसाच परत यायचा. तिसऱ्या वेळेला गाडीतून उतरताना तो प्रणिताला म्हणाला, "ताई, अजून एकदा येतो. परत न्हाई येणार." बस, एवढंच. प्रणिता दोन दिवस कुणाशी बोलली नाही. त्या पोरीनं न बोलणं म्हणजे गावात लाईट जाण्यासारखं आहे.

साहेबांनीही, म्हणजे जज्जसाहेबांनी, आबांच्या वकिलाला सुनावलं होतं, की पुढच्या वेळी सबळ कारणाशिवाय आरोपी आला नाही तर वॉरंट काढीन.

तर ही ती पुढची वेळ.

सकाळची थंडी होती. करण पुढं माझ्या शेजारी, त्याच्या पलीकडं दाराशी प्रणिता. गावाबाहेर, शेजारच्या वस्तीवरची चंद्राक्का शेळी घेऊन उभी. म्हातारी बाई, आजारी शेळी, जनावरांच्या दवाखान्यात जायचंय. मी घेतली, तिला मधल्या सीटवर आणि शेळीला मागं. प्रणितानं डोळे वटारले. मी म्हटलं, "शेळीला विचारून बघ, तिला व्हिडिओ माहीत हाय का."

तीन-चार गावं गेली आणि वळणावर आबांची पांढरी चारचाकी दिसली. बॉनेट उघडं. आबा कमरेवर हात ठेवून उभे. आबा म्हणजे सोसायटीचे जुने चेअरमन. कपड्यांना एवढी खळ की बसले की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. सुशांत बॉनेटपुढं मोबाईल धरून उभा.

मी ब्रेक मारला.

का मारला? ड्रायव्हर लोकांचा एक नियम आहे. बंद पडलेल्या गाडीजवळच्या माणसाला टाकून जायचं नाही. वैरी असला तरी. हा नियम कुठल्या चार्टपेपरवर नाही, पण मी तो चाळीस वर्षं पाळलाय. एकदा माझीच शेळीची पिल्लं पळवणाऱ्याला मी पाटोद्यापर्यंत सोडलाय, वाटेत शिव्या देत.

"काय झालं आबा?"

"काय न्हाई. गरम झाली. मेकॅनिक येतोय. जा तू."

"मेकॅनिक येईस्तोवर कोर्ट उठंल. बसा, सोडतो."

"अरे जा म्हणलं ना!"

तेवढ्यात करणवरून हात लांबवून प्रणितानं माझा खांदा धरला. नखं आहेत तिला. "तात्या, शुद्धीत आहात का? तो सुशांत आहे. ट्रेनिंगमध्ये काय ठरलं होतं?"

"ट्रेनिंगमध्ये बंद गाडीचं काय ठरलं न्हवतं."

"आरोपी समोर आणायचा नाही, हे ठरलं होतं!"

"मी कुठं आणला? तो आधीच हितं उभाय."

मागून चंद्राक्का ओरडली, "कामून थांबला रं म्हातारदेवा? शेळीला दम निघंना."

या सगळ्या गोंधळात मला शेजारून बारीक आवाज आला. करण. टोपी खालीच, नजर खालीच.

"बसू द्या त्यांना."

प्रणिता एकदम मऊ झाली. "करण, घाबरू नको, आपण आत्ता निघतोय..."

"घाबरलो न्हाई ताई. त्यांची गाडी बंद न्हाई. फोटो काढायलाय तो, साहेबांना दाखवायला. ते आले न्हाईत तर परत तारीख पडंल."

मला हे तोवर सुचलं नव्हतं. मी नियमासाठी थांबलो होतो, हुशारीसाठी नाही. पण सुचलं नाही असं सांगायची माझी पद्धत नाही, म्हणून मी अशी मान हलवली की जणू आधीपासूनच हाच डाव होता.

निर्णय त्याचा, हे चार्टपेपरवर प्रणिताच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. माझ्या खांद्यावरचा हात तिनं काढून घेतला.

"बसवा," ती म्हणाली. "पण मागं."

आता बसवायचं कसं? आबा काही धरून कोंबायची वस्तू नाही. मी खाली उतरलो आणि खिडकीतून हात घालून हॉर्न दाबून धरला. आमच्याकडं एक आहे, गाडी बंद पडली की अख्खा तालुका मेकॅनिक होतो. दुधाचा टेम्पो थांबला. दोन मोटारसायकली थांबल्या. कांद्याच्या वावरातून एक जण खुरपं घेऊन आला.

"आबांची गाडी बंद पडली," मी सांगितलं.

झालं. एकानं बॉनेटमध्ये डोकं घातलं. एक म्हणाला पाणी संपलंय, दुसरा म्हणाला बॅटरी गेलीय, खुरपंवाला म्हणाला टायर बघा. टेम्पोवाल्यानं दोर काढला, ओढून नेतो म्हणाला. आबा सगळ्यांना "राहू द्या, राहू द्या" म्हणत गोल फिरत होते. मग तोच टेम्पोवाला हात पुढं करून म्हणाला, "आबा, किल्ली द्या. एक स्टार्टर मारून बघतो."

आबांचा हात खिशावर गेला आणि तिथंच राहिला.

"किल्लीचा काय संबंध?"

"असं कसं आबा? किल्लीशिवाय गाडी कशी बघायची?"

चार माणसं आबांच्या तोंडाकडं बघत होती. किल्ली दिली असती तर गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली असती आणि दुपारपर्यंत ही बातमी कर्जतपर्यंत गेली असती. आबांनी टेम्पोवाल्याकडं बघितलं, माझ्या जीपकडं बघितलं, आणि बॉनेट धाडकन पाडलं.

"चल रे सुशांत. तात्या एवढा आग्रह करतोय तर बस."

माझ्या गाडीत कोण कुठं बसणार ते मी ठरवतो. एकदा एक आमदार बसले होते, तेही मी सांगितलं तिथंच. आबा मधलं दार उघडायला लागले.

"मागं बसा आबा. बाकड्यावर."

"मधी जागा हाय की एवढी!"

"ती स्पेशलची हाय. रिकामी असली तरी भरलेली."

"चंद्राक्का बसलीय ती?"

"ती शेळीची मालकीण हाय."

दोघं बापलेक मागच्या बाकड्यावर शेळीशेजारी बसले. आबांनी पांढरा पायजमा गोळा करून घेतला आणि विचारलं, "हिला काय झालंय?"

"हगवण," चंद्राक्का म्हणाली.

गाडी निघाली. मग आबा खाकरले. आबांचा आवाज गोड आहे, गूळ खाल्ल्यासारखा. म्हणूनच ते इतकी वर्षं चेअरमन राहिले.

"करण, बाळा. आपण एका गावची माणसं. तुझे आईबाप तिकडं कोयत्यावर. म्हातारी घरात एकटी. गावात राहायचंय ना आपल्याला सगळ्यांना?"

प्रणिता गर्रकन मागं वळली. ती बोलायच्या आत मी ब्रेक मारला. शेळी बेंबाटली.

"आबा, ह्या गाडीत केसचं बोलायचं न्हाई. बोलायचं तर उतरायचं."

हा माझा जुना नियम आहे. शहरातल्या माणसाला खरं वाटणार नाही, पण आमच्या लाईनवर तारखेला दोन्ही पार्ट्या एकाच जीपनं जातात. सकाळची पहिली गाडी एकच, मग करणार काय? बांधावरून डोकी फोडलेली माणसं मांडीला मांडी लावून बसतात, कोर्टात एकमेकांविरुद्ध शपथ घेतात आणि संध्याकाळी त्याच गाडीनं परत येतात. गाडीत केसचं बोललेलं मी चालू देत नाही. एकदा दोन भाऊ बोलले, तर दोघांनाही माळावर उतरवून मी निघून गेलो. चालत गेले बिचारे, तेही सोबतच.

"मी केसचं कुठं बोललो?" आबा म्हणाले. "मी गावाचं बोललो."

"गावाचंबी न्हाई. पावसाचं बोला, कांद्याचं बोला."

"तात्या, तू कुणाच्या बाजूनं हायस?"

"मी स्टेअरिंगच्या बाजूनं."

आबा खिडकीबाहेर बघायला लागले. पण गाडीत शांतता चंद्राक्काला सोसत नाही. ती मागं वळून बसली.

"काय रं सुशांत, लगीन जमलं का तुझं?"

"न्हाई."

"कसं जमंल? माझ्या भाचीला तुझं स्थळ सांगून आल्तं. चांगलं बागायती घर, म्हणलं करावं. तर पोरीनं मोबाईल काढला आन् तुझाच व्हिडिओ दाखवला मला. म्हणली, मावशे, बांधून घातलेल्या एवढ्याशा पोराला हा मारतो, बायकोला काय करंल?"

मागं बाकडं करकरलं. "तात्या," आबा ओरडले, "हे केसचं न्हाई का?"

"हे लग्नाचं हाय," मी म्हटलं. "लग्नाचं चालतं."

"आन् एकट्या भाचीचं न्हाई बरं का," चंद्राक्काची गाडी आता उतारावर होती. "तिकडं खर्ड्याकडंबी बायका तेच म्हणत्यात. ते पोरगं बिचारं कोण, कुणाला म्हाईत न्हाई. त्याचं तोंडच दिसत न्हाई. पर पट्टा धरलेला मात्र समद्यांच्या ध्यानात बसलाय."

चंद्राक्काला माहीतच नव्हतं की ते बिचारं पोरगं तिच्या पुढं हातभर अंतरावर बसलंय. व्हिडिओतल्या पोराचं नावच तिला ठाऊक नव्हतं, आणि टोपीखालचं तोंडही दिसत नव्हतं. प्रणितानं दाराचा दांडा घट्ट धरला. मी रस्त्याकडं बघत राहिलो, कारण अशा वेळी रस्त्याकडं बघितलेलं बरं.

मग करणनं टोपी वर केली. काढली नाही, वर केली, कपाळ दिसेल एवढी. आणि हात लांबवून माझा आरसा फिरवला.

माझ्या आरशाला कुणी हात लावलेला मला चालत नाही. माझ्या धाकट्यानं एकदा लावला होता, तो अजून सांगतो. करणनं आरसा असा फिरवला की त्यात मागचं बाकडं दिसावं, आणि तो बघत बसला. त्या आरशात सुशांत दिसत असणार. गेल्या थंडीपासून पोरानं कुणाच्या तोंडाकडं बघितलं नव्हतं, आता हा एकटक बघत होता. मागं सुशांतनं एकदा वर बघितलं असावं, कारण लगेच त्याची मान खाली गेल्यासारखा मला भास झाला. मला दिसायचं कारण नव्हतं. आरसा माझ्याकडं नव्हता.

जामखेडपर्यंत मी आरशाशिवाय गाडी चालवली. मागून कोण येतंय कळेना, पण म्हटलं, येऊ दे.

गावात शिरताना स्पीडब्रेकर आला. मी जरा जोरात घेतला, हे खरं आहे. शेळीचा दम तिथं सुटला. आबांच्या पांढऱ्या कपड्यांवर. चंद्राक्का म्हणाली, "अगं बाई, मोकळी झाली एकदाची!" आणि शेळीच्या पाठीवरून हात फिरवला.

कोर्टाच्या फाटकात आबांचे वकील मोबाईल कानाला लावून उभे होते. "फोटो मिळाला. आता मी अर्ज देतो, तुम्ही काळजी..." एवढं म्हणाले आणि समोर जीपच्या मागच्या दारातून, कानाला मोबाईल लावलेले आबाच उतरले, त्यांच्यामागं सुशांत. वकिलांनी आबांकडं बघितलं, मग पायजम्याकडं बघितलं, मग नाकाला रुमाल लावला.

"तुम्ही कसे काय आलात?"

आबांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

आरोपी हजर, साक्षीदार हजर, दोन्ही वकील हजर. कारणच उरलं नाही. करणला आत बोलावलं. प्रणिता आत मागं बसली. मी बाहेर बादली घेऊन गाडी धूत बसलो, कारण ते कामही कुणीतरी करायलाच पाहिजे होतं. आतलं मला प्रणितानं नंतर सांगितलं.

सरकारी वकिलांनी विचारलं ते करणनं सांगितलं. हळू सांगितलं, दोनदा पाणी प्याला, पण सांगितलं. मग आबांच्या वकिलांची पाळी. त्याला उलटतपासणी म्हणतात. साक्षीदाराला उलटंसुलटं विचारून तो गडबडतो का ते बघायचं. वकील म्हणाले, "तिन्हीसांज झाली होती. तू मान खाली घालून होतास. अंधारात मारणारा कोण, हे तू कसं ओळखलंस?"

करण म्हणाला, "अंधार न्हवता. शूटिंग नीट यावं म्हणून त्यांनी ट्रॅक्टरचे दिवे लावले हुते."

वकिलांनी पुढचं विचारायला कागद चाळले. प्रणिता म्हणते, बराच वेळ चाळले. शेवटी म्हणाले, आणखी काही नाही.

करण बाहेर आला तो सरळ माझ्याकडं. मला वाटलं रडेल. म्हणाला, "तात्या, लई भूक लागलीय." दोन मिसळी खाल्ल्या आणि माझ्या प्लेटमधला पाव उचलला.

आबांच्या गाडीचंही सांगायला पाहिजे. मदत करणारी माणसं आबा गेल्यावर काही स्वस्थ बसली नाहीत. दोर होताच. त्यांनी गाडी ओढत गॅरेजला नेली. किल्ली आबांच्या खिशात गेलेली, तिच्याशिवाय गॅरेजवाल्याला दोष सापडेना. आबांची गाडी, विनादोष परत कशी द्यायची, म्हणून त्यानं इंजिन खाली उतरवलं. आता ती खरंच बंद आहे.

संध्याकाळी शाळेत पोरांची बैठक झाली. मलाही बसवलं. प्रणितानं सगळ्यांसमोर झापलं. "तात्या, आज झालं ते चांगलं झालं. पण करण गाडीतच खचला असता तर? तुमच्या नियमासाठी तुम्ही त्याचा जीव पणाला लावला."

"खचला का?"

"नाही. पण खचला असता तर?"

तिचं चुकीचं नव्हतं. माझंही नव्हतं. दोन बरोबर माणसं समोरासमोर बसली की चहा गार होतो, तसा झाला. मी एवढंच म्हटलं की परत गाडी बंद दिसली तर मी परत थांबणार. ती म्हणाली की मग निघण्याआधी तिला विचारायचं. मी म्हटलं, बघू. करण कोपऱ्यात कॅरमला पावडर टाकत होता. त्यानं आमच्याकडं बघितलं आणि हसला. माझ्या अंदाजानं तो मलाच हसला.

निकाल अजून लागायचा आहे. डॉक्टरची साक्ष राहिलीय, पोलिसांची राहिलीय. पुढची तारीख मिळालीय. एवढ्या वर्षांत तारखेला माणसं ने-आण करून मला एक कळलंय. साक्षीदाराला धीर द्यायला आता गावात पोरं आहेत, चेंडू आहे, चार्टपेपर आहे. चांगलं आहे. पण आरोपीला वेळेवर कोर्टात पोचवायची काळजी कुणी घेत नाही, आणि केसा नेमक्या तिथंच अडतात.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, स्टँडला नंबर लावायच्या आधी, मी जीप आबांच्या दारात नेली आणि ते तोंडात ब्रश घेऊन बाहेर येईपर्यंत हॉर्न वाजवला. सगळी आळी दारात आली. मी खिडकीतून डोकं काढून विचारलं, "आबा, पुढच्या तारखेला किती वाजता येऊ न्यायला?"